तीन बोटं

११ नोव्हेंबर

दात गेला! समोरचा, वरचा. शिडीवरून पाय निसटला आणि तोंड थेट घमेल्याच्या काठावर. थुंकलो तर रक्तात अर्धा दात. उरलेला अर्धा हिरडीत होता, तो संध्याकाळी एका दवाखान्यात उपटला. शेजारचा हलून राहिला.

ठेकेदार काय म्हणाला? 'फरशी तर फुटली न्हाई ना?'

सगळे हसले. मी पण हसलो असतो. पण ओठ उचलला की हवा लागते.

१२ नोव्हेंबर

मामाचा फोन. आजच यायचा होता! लातूरकडच्या मुरुडची पोरगी आहे, अंजू. आपल्यातलीच, घर चांगलं, बाप वारला, चुलता बघतो सगळं. 'फोटो पाठव. जरा हसून काढ, तू लई रागीट दिसतोस.'

हसून!

इथं नांदेडात खोलीत माझ्यासंगं धम्मदीप राहतो, तो पण फरशीच्याच कामावर. त्यानं सात-आठ फोटो काढले. सगळ्यात माझे ओठ शिवल्यासारखे. म्हणला, 'चन्न्या, आधार कार्डाला चालंल हे.' पाठवला तसाच.

आईला दाताचं सांगितलं नाही. ती तिकडं निलंग्याच्या पलीकडं गावात एकटी. ऐकून काय करणार? रडणार.

१५ नोव्हेंबर

बोलताना फटीतून वारा जातो. कामावरची पोरं शिट्टी वाजवून नक्कल करतेत. म्हणून बोलणं बंद. नुसती मान हलवतो. पण डोक्यात चालूच राहतं, थांबत नाही. आठवीनंतर पेन धरला नव्हता, आता लिहून राहिलो. कुणाला तरी सांगायचं ना.

गुटख्याची पुडी वाढली. फरशी कापायची धूळ घशात जाते, पुडी असली की तोंड ओलं राहतं. आणि जिभेला चाळा राहतो, नाहीतर ती सारखी त्या भोकातच जाते. बंदी आहे म्हणतेत पुडीला. कुठं आहे? टपरीवाला मला बघितलं की न विचारता हात खाली घालतो.

२० नोव्हेंबर

सरकारी दवाखान्यात गेलो, दाताच्या विभागात. खाडा करून. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. म्हणलं, मॅडम, दात बसवून द्या, लगीन जमायलंय. त्या म्हणाल्या, 'बसवू की. आधी माप घेऊ.'

लोखंडी ट्रे आणला, बैलाच्या नालापेक्षा मोठा, त्यात ओला लगदा. 'तोंड उघडा.' उघडलं. 'मोठं उघडा.' उघडलंच होतं! 'अजून.' अजून नव्हतंच.

ट्रे ओठापाशी अडकला. मग लहान लेकरांचा ट्रे आणला. तो पण जाईना. बाईंनी ट्रे खाली ठेवला आणि म्हणल्या, 'स्वतःची तीन बोटं एकावर एक अशी उभी धरा. घाला तोंडात.'

दोन गेली. तिसरं गेलं नाही. मला वाटलं माझी बोटंच जाड, फरशीवाल्याची. तर त्यांनी विचारलं, 'किती वर्षं झाली?' म्हणलं, काय? 'पुडी.'

सोळाव्या वर्षापासून. सांगितलं खरं ते.

गाल आतून ताठ होत चाललेत म्हणे. कातडं वाळल्यागत. 'तिखट झोंबतं का?' झोंबतं. मला वाटायचं नांदेडच्या खानावळीचं तिखटच तसलं आहे.

दात बसवायला माप पाहिजे. मापाला ट्रे आत जायला पाहिजे. त्याला तोंड उघडायला पाहिजे. त्याला पुडी सुटायला पाहिजे. म्हणजे दात नाहीच! असं सरळ सांगायचं ना.

गोळ्या दिल्या. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. दाढांच्या मधी एकावर एक रचून ठेवायच्या, तोंड ताणायचं, जमेल तशी एकेक वाढवायची. दोन वेळा ब्रश, झोपताना तर नक्कीच. खाल्लं की चूळ. तंबाखू, मिश्री, काहीच नाही. 'घरात मिश्री कोण लावतं?' म्हणलं, आई. आमच्याकडं सगळ्याच बाया लावतेत, त्यात काय.

त्यांनी लिहून घेतलं. पुढचा माणूस बोलवला.

२१ नोव्हेंबर

पुडी नाही. डोकं फुटायलंय.

२२ नोव्हेंबर

दोन खाल्ल्या.

२९ नोव्हेंबर

काड्या तोंडात घालून बसलो की लाळ गळते, गाल चरचरतो, डोळ्याला पाणी. धम्मदीप आला आणि दारातच थांबला. 'कुल्फी कुठाय?' म्हणला.

मी काड्या फेकून मारल्या. त्यानं एकेक उचलून धुवून आणल्या. 'घाल गप. माझ्या चुलत्यानं घातल्या असत्या तर आज असता.'  मी काड्या परत घातल्या.

६ डिसेंबर

एक काडी वाढली! दोन दिवस पुडीला हात नाही. जेवताना भाकरीचा घास सरळ आत गेला, मोडून घालावा लागला नाही.

८ डिसेंबर

खाल्ली. स्लॅबवर फरशीचा अख्खा गठ्ठा हातातून गेला, ठेकेदार सगळ्यांसमोर आईवरून बोलला. उत्तर द्यायचं तर शिट्टी वाजणार. मग काय करायचं? टपरीवर गेलो. किती खाल्ल्या लिहीत नाही.

माझ्यानं होत नाही हे. होणारही नाही.

१९ डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. गावी आलो. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप बांधली होती, आत पूजेला दगडांचे पाच पांडव मांडले होते. मामा-मामी पण आले.

आईनं बघितलंच. कोपीच्या मागं नेलं, वासराचा बघावा तसा माझा ओठ बोटानं वर केला. मला वाटलं आता रडणार. म्हणली, 'जाऊ दे. माझे पण चाललेत की. खालचे तीन तर आपोआप निघाले, हलून हलून. दोघं मायलेकरं बोळकी.' म्हणलं, लगीन झालं की तुला कवळी बसवतो, पूर्ण, वरची-खालची. 'अगुदर तुझं बघ. माझं काय पळून चाललंय?'

सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी इतकी चांगली झाली होती, वास शेतभर. पहिल्या घासालाच गाल पेटला. ताट सरकवलं आणि नुसती ताकातली आंबील घेतली. आईनं पण ताट सरकवलं, आंबील घेऊन माझ्याजवळ बसली. मामी ओरडली, 'मायलेकरं सणाचं उपाशी राहून आम्हाला पाप लावतावं का?' आई तोंडावर पदर धरून हसली. 'लेकरू खाईना झालं, मला कसं गिळंल?'

आंबिलीचं गाडगं आमच्या दोघांतच संपलं. लई दिवसांनी बरं वाटलं. माझ्यासाठी उपाशी राहणारं एक माणूस तरी आहे.

मामानं जाताना सांगितलं, चार जानेवारीला मुरुडला जायचं. 'आणि ते तोंड तेवढं नीट करून ये!'

२८ डिसेंबर

आता दवाखान्याच्या नादाला लागून काय उपयोग? काड्या घालून आठ दिवसांत तोंड उघडणार आहे का? स्टेशनकडं एकजण रस्त्यावर छत्री लावून बसतो. समोर काचेच्या पेटीत दातच दात. ट्रे नाही, माप नाही. गुलाबी भुकटीवर बाटलीतलं काहीतरी ओतलं, वास असा की डोकं भणाणलं. दात बोटानं फटीत दाबला, शेजारच्या दातांना चिकटवला. 'हो गया भाई. शादी में बुलाना.'

आरशात बघितलं. हसून बघितलं. एवढं चांगलं तोंड आपलं होतं व्हय?

धम्मदीप म्हणला, 'दिसायला एक नंबर. पण ब्रश कुठून फिरवणार?'

जळतोय माझ्यावर.

४ जानेवारी

मुरुड. लिहावं का नाही, कळेना. लिहितो.

मी, मामा आणि आई. अंजूचा चुलता, तिची आई, शेजारचे दोघं-तिघं. अंजू आली, बसली. उंच आहे. सरळ बघते. चुरमुऱ्यांची सुशीला आणली, हिरवी मिरची पेरलेली. नाही म्हणता येईना. चमचा पूर्ण आत जात नाही, म्हणून टोकानं थोडी थोडी ओढून खात होतो, मधेमधे पाणी. आईनं तर बशी नुसती हातात धरली होती. मामा माझं कौतुक करून राहिला, नांदेडात मोठ्या मोठ्या बिल्डिंगी ह्याच्या हातच्या. मी हसलो. दात दाखवून हसलो! अंजूची आई पण हसली. मला वाटलं, झालं, जमलं.

चुलता म्हणला, 'पोरी, तुला काही विचारायचं असंल तर विचार. आता काळ बदललाय.'

ती म्हणली, 'तीन बोटं अशी उभी धरून तोंडात घालून दाखवा.'

सगळी खोली हसली. मामा तर मांडीवर थाप मारून म्हणला, 'अगं बाई, बैलाचे दात बघतेत बाजारात, नवऱ्याचे न्हाई!'

ती म्हणली, 'बघतेत म्हणूनच बैल नीट निघतेत, मामा.'

चुलता रागावला, 'अंजू!' तिची आई खाली बघायला लागली.  मला मधूनच वाटलं, घालतोच, काय होतंय. नाही म्हणलं असतं तर भ्यालो असंच झालं असतं. दोन बोटं गेली. तिसरं मी जोरानं दाबलं. आत कट् झालं. दात सुटून हातात आला, गुलाबी चिकटासकट. मूठ मिटली.

तिनं बघितलं. बाकी कुणी नाही. ती उठली, माझा तांब्या भरला, माझ्यापुढं ठेवला. 'आमच्या अप्पांची दोन पण जाईनात. शेवटी नाकातल्या नळीनं पाजायचे,' हळूच म्हणली. 'मीच पाजायची. मला पुन्हा न्हाई जमायचं.' आणि आत गेली.

'कळवतो,' चुलता म्हणला. ते कळलंच होतं.

एसटीत मामा पुढच्या सीटवर जाऊन बसला. आई खिडकीपाशी पदर तोंडाला लावून बसलेली. मला वाटलं, रडायली.

५ जानेवारी

काही नाही.

७ जानेवारी

हिरडी सुजली, पू आला. परत त्याच बाईंकडं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. गुलाबी चिकट खरवडून काढायला लई वेळ गेला. हलणारा शेजारचा दात पण गेला. आता दोन नाहीत.

मग बॅटरी लावून गालात बघितलं. डावीकडं पांढरा डाग आहे. बारका तुकडा काढून तपासायला पाठवला, टाके घातले. म्हणलं, तिथं तर काहीच दुखत नाही. बाई म्हणल्या, 'दुखलं की माणूस येतो. न दुखणारी जखम कुणी दाखवत नाही, पंधरा पंधरा दिवस भरत नसली तरी. तीच वाईट.'

रिपोर्टला वेळ लागेल.

माझा बाप जाऊन सहा वर्षं झाली. आता मी. आई एकटी काय करणार? काहीच सुचत नाही. धम्मदीपला म्हणलं, काही झालं तर माझी हत्यारं तू घे. त्यानं शिवी दिली आणि भात पातळ करून आणला.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ पाण्यात विरघळवून प्यालो. कुणाशी गोड बोलायचं? तोंडात टाके.

आईचा फोन आला. मुरुडहून नकार आला म्हणली. तिचं बोलणं पण जडजड वाटलं, तोंडात काही धरून बोलल्यागत. म्हणलं, मिश्री थुंकून बोल की! हसली.

१९ जानेवारी

कॅन्सर नाही!

बाईंनी दोनदा सांगितलं तेव्हा कळलं. 'पण रस्ता तोच आहे. पुडी खाल्लीत तर पुढचा रिपोर्ट असा नसेल.' काड्या परत सुरू. तीन बोटं जायला लागली की माप, मग दोन्ही दात, नीट, काढून धुता येणारे. लग्न आता कुठलं, पण दात तर बसतील.

खोलीकडं आलो, टपरीवाल्यानं हात खाली घातला. मी पुढं निघालो. 

२५ जानेवारी

गावी आलो, पेढे घेऊन. आईनं पेढा बोटानं कुस्करला आणि एका बाजूनं चोखायला लागली. मी बघतच राहिलो. म्हणलं, आई, तोंड उघड. 'येडा झालास का?' उघड म्हणलं ना!

दोन बोटं पण पूर्ण गेली नाहीत. मोबाईलची बॅटरी लावली. दात निघाले होते तिथं, खाली, हिरडीवरून गालापर्यंत जखम. कडा वर आलेल्या.

'दुखतंय का?'

'न्हाई रे. दिवाळीच्या अगुदरपासून हाय. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का? तुझं लगीन होऊ दे म्हणलं, मग बघू.'

येळवशीला ती माझ्यासाठी आंबील पीत नव्हती.