बाबांची बाज आणि माझं जिजिम

१८ जानेवारी १९८७, रविवार
मंजुळेचा भाऊ महादू बोटीवर असतो. सुट्टीवर आलाय. काल बिरवाडीला येऊन बहिणीला तुर्कस्तानातलं एक जाजम देऊन गेला. त्याला जिजिम म्हणतात. गालिच्यासारखी लव नाही, सपाट विणलेलं, पण नक्षी मात्र वर उठलेली. बोट फिरवलं की हाताला लागते. मंजुळेला वाटलं भरतकाम. मी तिला समजावलं की विणता विणताच जादा रंगीत धागा गुंडाळत जातात. (हे मला महादूनेच आधी सांगितलं होतं. पण ती तेव्हा आत होती.)
महादू म्हणाला, तिकडं खेड्यातल्या बायका घरी इणतात, दाजी. मी म्हटलं, मग त्यात काय मोठंसं! तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही. सर्वांसमोर सांगून टाकलं, वीस मार्चला तू महाडला चवदार तळ्यावर येशील तेव्हा याच्या शेजारी माझं जिजिम अंथरलेलं असेल.

१९ जानेवारी
माग हवा. कंपनीतल्या सुताराला चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, साहेब, हे खिडकीचं हाय का दाराचं?
संध्याकाळी घरात नजर फिरवली आणि डोक्यात प्रकाश पडला. बाबांची बाज! कंबरेच्या औषधासाठी कापड्याहून आले तेव्हा एसटीच्या टपावर टाकून आणली होती. दुसरीवर त्यांना झोप येत नाही. काथ्याला झोळ पडलाच आहे. काथ्या काढायचा, चौकट उभी करायची, झाला माग. बाबांना म्हटलं, फक्त आठ दिवस, आणि वर अंथरायला जिजिम. ते म्हणाले, आठ दिस निजेन खाली. पन कंबर माझी हाय रे.
म्हणजे परवानगी मिळाली.

२५ जानेवारी, रविवार
चौकटीवर सुतळीचे उभे धागे ताणले. तळहात सोलले. शेजारच्या खोलीतला सोमा (आमच्याच कंपनीत ऑपरेटर) दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, बाज इणताव काय भाऊ? त्याला तुर्की कलेची थोडक्यात माहिती दिली. तो बरं म्हणाला आणि सुतळी बोटाने ताणून बघून गेला. अशा लोकांत राहून काही करणं अवघड आहे.

१ फेब्रुवारी
नक्षीसाठी आणलेली लोकर संपली. मंजुळा बाबांसाठी मरून रंगाचा स्वेटर विणतेय. पाठ झालीय, पुढचा भाग अर्धा. तो अर्धाच उसवला. थंडी संपतच आली आहे. मंजुळा काही बोलली नाही.

३ फेब्रुवारी
पाठही उसवावी लागली. मंजुळा अजून बोललेली नाही.

८ फेब्रुवारी
महादूच्या जिजिमात चांदण्या आहेत. माझ्या चांदणीला पाय फुटले. सोमा म्हणाला, खेकडा झ्याक जमलाय. रागाने जेवण गेलं नाही. मग विचार केला, तुर्की लोकांचीच नक्षी आपण घालावी असं थोडंच आहे? आपल्या नदीचा खेकडा काय वाईट? डिझाइन फायनल.

१५ फेब्रुवारी
कडा आत ओढल्या जातायत. मध्ये कंबर पडलीय. दोष सुतळीचा. महाडच्या दुकानदाराला चार शब्द सुनवायचे होते, पण त्याच्यापुढे गिऱ्हाईक फार.
पहाटे बाबा उठताना भिंत धरून उठले. मी जागा होतो. फार वाईट वाटलं. आठ दिवस केव्हाच झाले. त्यांनी एकदाही विषय काढला नाही. उद्यापासून रोज पाचला उठून विणणार. बाबांसाठी.

१६ फेब्रुवारी
ओव्हरटाइम. उद्यापासून नक्की.

१ मार्च
पाचला एकदा उठलो. अंधारात खेकड्याचा डावा पाय उजवीकडे गेला. तो उसवण्यात सकाळ गेली. पाचला उठणं या कामाला उपयोगाचं नाही.
मंजुळा बाबांकरवी निरोप पाठवते. मीठ संपलंय हे मला बाबांनी सांगितलं.

८ मार्च, रविवार
मोठा शोध! महादूचं जिजिम उलटं करून बघितलं. मागे नुसते धागे लोंबतात, गाठीच गाठी. म्हणजे त्या बायका मागच्या बाजूला बसून विणत असणार. विणणाऱ्याला वाईटच बाजू दिसते!
आणि माझी दिसणारी बाजू किती वाईट आहे! म्हणजे सुंदर बाजू पलीकडे, भिंतीकडे. मी न शिकताच बरोबर पद्धतीने विणत होतो. उगीच दोन महिने जिवाला घोर लावून घेतला.
आता वीस तारखेपर्यंत पलीकडे बघायचं नाही. सगळ्यांबरोबरच मीही बघणार.

२० मार्च, शुक्रवार
सकाळी सगळे चवदार तळ्यावर जाऊन आलो. दुपारी घर माणसांनी भरलं. मी चार शब्द बोललो. मग महादूने आणि सोमाने बाज फिरवली.
पलीकडेही खेकडे. पाय जास्त.
कोणी हसलं नाही. महादू तर अजिबात नाही. त्याने या वेळी तरी हसायला हवं होतं. तो हळूच म्हणाला, दाजी, आता खाली काढा तरी. मी कडेची एक सुतळी कापली, तर सगळं सैल व्हायला लागलं. तेवढ्यात बाबा ओरडले, कापू नको रे! त्यांनी सुतळी बांधायला लावली, बाज पायांवर ठेवायला लावली आणि सरळ वर आडवे झाले. सगळे बघतायत. इकडे वळले, तिकडे वळले. म्हणाले, खेकडं टोचतात. पन झोळ नाय. कंबरेला बरं हाय.
आणि झोपलेसुद्धा.
मंजुळा दीड महिन्यानंतर माझ्याशी बोलली. म्हणाली, मामंजींचा स्वेटर अंगात नाही, अंगाखाली गेला, एवढंच.

२२ मार्च, रविवार
बाबांची कंबर सुधारली. आजच कापड्याला गेले. बाज टपावर. पुलापर्यंत माझं जिजिम आभाळाकडे तोंड करून जाताना दिसत होतं.
परत आलो तर दारात सोमा, आणि त्याच्या डोक्यावर त्याची बाज. मी त्याला खाली बसवून जिजिम काय, काथ्या काय, कला काय आणि बाज काय, सगळं नीट समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. शेवटी तो म्हणाला, ता सगला बराबर हाय भाऊ. माज्या बाजंवर नक्षी नको. नुसती घट्ट इणा.
बाज ठेवून घेतली.