अकरा पिवळे कागद

मंगळवार, १४ मार्च

प्रिय ताई,

तुला, भाऊजींना आणि आईला नमस्कार. तुझ्या बिट्टीला एक गालगुच्चा. मी बरी आहे, वेळेवर जेवते आहे. खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही, पण फटीत पुठ्ठा खुपसल्यापासून वारा येत नाही.

तू म्हणशील, दिवसाआड फोन होतो, मग हे पत्राचं खूळ कुठून आलं? फोनवर तू मला बोलू कुठे देतेस! कानाला फोन, पायाखाली शिलाई मशीन, आणि मध्येच कुणाचं तरी माप घ्यायला उठतेस. पण खरं सांगते, दोष तुझा नाही. रविवारी तू मशीन थांबवून विचारलंस, "काय गं, आवाज का असा?" तेव्हा मीच थंडीची गोष्ट काढली.

बिट्टीची क्लॅरिनेट कशी चालली आहे? भाऊजी तिला अजून न्हाणीघरातच बसवतात का? "दार लाव गं, लोकांना वाटेल आपण घरात बदक पाळलंय!" असं ते ओरडले होते तेव्हा मी हसून लोळले होते. आई अजून तिला पुंगीच म्हणते ना? पण गेल्या वेळी बिट्टीने ती लांबलचक चाल कुठेही न अडखळता वाजवली, तेव्हा आई हातातलं ताट तसंच धरून उभी होती. मी पाहिलं हे तिला सांगू नकोस, नाहीतर परत ऐकायची नाही.

माझं ऑफिस म्हणजे नक्की काय, हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. शाळांमध्ये वाद्यं शिकवायला सरकारी निधी येतो. त्यातून शिक्षकाचे तास मिळतात आणि मुलांना वापरायला वाद्यं मिळतात. कुठल्या शाळेला काय द्यायचं, हे आमच्या खोलीतल्या कागदांवरून ठरतं. खोलीत मॅडम, मी आणि वाद्यांच्या रिकाम्या पेट्या. आजवर शाळांनी अर्ज करायचे आणि मॅडमच्या वरच्यांनी निवडायचे. ज्या शाळेला गोड भाषेत अर्ज लिहिता येतो तिचं नाव दरवर्षी वर. एका शाळेने अर्जासोबत रंगीत फोटोंची वही पाठवली होती. तिथल्या निम्म्या मुलांच्या घरी पियानो आहे. आणि जिथे मुख्याध्यापकच घंटाही वाजवतात, तिथून कसला अर्ज येणार?

मला ते सहन होईना. मी टिपण लिहिलं, चार पानी. अर्ज बंद करा, आकड्यांवर द्या. ज्या शाळेत कमी कमाईच्या घरांसाठीचे सवलतीचे फॉर्म भरलेली मुलं जास्त, तिला आधी. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "घरी कुणी शिकलेलं होतं का गं तुझ्या?" म्हटलं, "नाही, मीच पहिली." "तरीच," म्हणाल्या. ते कौतुक होतं की काय, मला अजून कळलेलं नाही. टिपण वर गेलं आणि मंजूर झालं. त्या दिवशी मी तुला फोन करून नुसतीच हसत होते, आठवतं? तू म्हणालीस, "लग्न ठरलं की काय?"

आता उजेड कमी झालाय. उद्या सकाळी पुढे लिहिते.

बुधवार

काल उजेडाचं निमित्त होतं. मला पुढचं लिहायचंच नव्हतं.

यादी मीच केली. बासष्ट शाळा. निधी अडतीस शाळांना पुरतो, तिथे रेघ मारायची. आपली शाळा एक्केचाळिसावी आली.

ताई, नव्या वर्षापासून वाद्यवाले सर आपल्या शाळेत येणार नाहीत. बिट्टीला क्लॅरिनेट पेटीत घालून परत करावी लागेल. आमचा माणूस येऊन ती घेऊन जाईल आणि मी तिचा नंबर दुसऱ्या शाळेच्या नावापुढे लिहीन.

मला वाटलं, बेरीज चुकली. तीनदा केली. चारशे मुलांची शाळा, आणि सवलतीचे फॉर्म अकरा. आपल्या गल्लीतच अकरापेक्षा जास्त घरं निघतील! आणि मग मला आपलं फडताळ आठवलं.

तो पिवळा कागद, म्हणजे हाच सवलतीचा फॉर्म. तुझ्या वर्षी आला, माझ्या वर्षी आला. आईने तो प्रत्येक वेळी फडताळात पसरला आणि वर डबे मांडले. "दोघं कमावतो आम्ही. माझी पोरं पिवळ्या कागदाची नाहीत." तेव्हा वाद्य घरी न्यायला तो कागद लागायचा, आता सगळ्यांनाच नेऊ देतात. सातवीत वाद्यवाल्या सरांनी मला विचारलं होतं, "कागद आणलास? तो असला की तुला वाद्य घरी नेता येईल." मी म्हणाले, "आम्हाला गरज नाही, सर." असं ताठ मानेने म्हणाले. त्यानंतर वर्षभर शाळा सुटल्यावर जिन्याखाली उभं राहून ते मला शिकवत राहिले, त्यांच्या स्वतःच्या क्लॅरिनेटवर, पुसून पुसून. हे मी घरी कधीच सांगितलं नाही. घरी म्हणायचे, जादा तास आहे.

म्हणजे मला माहीत होतं, ताई. त्या फॉर्मवर कोण नाव घालत नाही, हे त्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं. तरी मी तोच फॉर्म मापाला घेतला. का, हे गेले दहा दिवस स्वतःला विचारते आहे. उत्तर लाजिरवाणं आहे. मला इतकी वर्षं वाटत होतं की असं फक्त आपल्याच घरात होतं. बाकीचे सगळे भरत असतील. शेजारच्या काकूंच्या फडताळातही तोच कागद असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण तिथे ते कुणी कुणाला सांगतच नाही.

मी मॅडमना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "तूच लिहिलंस ना, आकड्यांना ओळखपाळख नसते?" मी म्हटलं, "हो. पण आकडा ज्या कागदावरून येतो, त्याला लाज असते." त्यांनी यादी जवळ ओढून एक्केचाळिसाव्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "तुझं कोण आहे त्या शाळेत?" मी बिट्टीचं नाव सांगितलं. टिपण लिहिताना सांगायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही, आणि यादी झाल्यावर धीर झाला नाही. यादी माझ्याकडून काढून घेतली आहे. आता मी टपाल नोंदवते. मला नोकरीत कायम करतील की नाही, माहीत नाही. आई गल्लीभर "आमची ऑफिसात आहे" म्हणून सांगते, तिला हे एवढ्यात कळू देऊ नकोस.

एक झालं. मॅडमनी रेघेखालच्या सगळ्या चोवीस शाळांना पत्रं पाठवली. पुढच्या शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत शाळेत जे फॉर्म जमा होतील ते धरले जातील. त्यानंतर एकही नाही.

सोबत पिवळा कागद ठेवला आहे. असेच शाळेत हवे तितके मिळतात. मी त्यावर एक अक्षरही लिहिलेलं नाही. तुम्ही अटीत बसता, हे तुलाही माहीत आहे. रेघेच्या वर जायला आपल्या शाळेला अजून सव्वीस कागद हवेत. बाकीच्या शाळाही जाग्या होतील, म्हणून तीस धर. गल्लीतली प्रत्येक बाई तुझ्याकडे माप द्यायला येते. माझं कुणी ऐकणार नाही, मी ऑफिसातली. तुझं ऐकतील, पण तुझा स्वतःचा भरलेला कागद तुझ्या हातात असेल तरच.

आणि आईसमोर भर. लपवून नको. ती बोलेल. भांडी आपटेल. मला फोन करून म्हणेल, "यासाठी शिकवलं का तुला?" मी ऐकून घेईन.

अजून एक गोष्ट मला टोचते. आपण वर गेलो तर वरची एक शाळा खाली येईल. तिथेही कुणीतरी न्हाणीघरात बसून वाजवत असेल. मी परत टिपण लिहिणार आहे, या वेळी आधी दहा घरांत जाऊन. पण शुक्रवारच्या आत ते होणार नाही, आणि बिट्टीसाठी आत्ता तरी एवढाच रस्ता आहे.

तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. आयुष्यभर जपलेली मान कागदावर उतरवायला सांगते आहे, तीही माझ्या चुकीपायी.

मला उत्तर लिहायला बसू नकोस. तेवढ्या वेळात एक घर होईल.

तुझीच,
धाकटी