देवदाराच्या वीस फांद्या

र्झेव, १२ फेब्रुवारी १८७८

आदरणीय वार्वारा अर्काद्येव्ना,

आपल्या वडिलांचा जुना हुजऱ्या निकिफोर याचा वाकून नमस्कार. आपण खुशाल असाल. मला खोकला आहे, शेगडी धूर करते. उंदीर साहेबांच्या कागदांवर टपलेत, म्हणून त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाची वही पिठाच्या डब्यात ठेवून वर इस्त्री ठेवली आहे. तरी दोनदा उठून पाहतो.

साहेब वारल्याचा चाळिसावा दिवस रविवारी झाला. गव्हाची खीर मीच केली, मध कमी पडला. आपण आला नाहीत. तेवीस वर्षं आला नाहीत, तक्रार नाही.

छापखान्याचं म्हणणं, वारस म्हणून आपली सही आली की ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आत पुस्तक छापायला घेतील. बाईसाहेब, नदी ओलांडण्याचं प्रकरण आहे तसं छापायला सही देऊ नका. त्यात साहेबांनी लिहिलंय, ‘तोफा बुडाल्या, कारण बर्फाची जाडी मी चुकीची मोजली.’ तेव्हा दिलेल्या ह्याच कबुलीपायी त्यांची लष्करी विद्यालयातली नोकरी गेली. आपलं लग्न ठरलं होतं ते लेफ्टनंट कोन्स्तान्तिन त्याच तोफांबरोबर बुडाले, आणि आपण बापाचं तोंड पाहिलं नाहीत.

शाई गोठली होती. ऊब देऊन पुन्हा बसलोय.

गोठलेल्या नदीवरची वाट आखताना दर दहा पावलांवर पहारीनं भोक पाडायचं, बर्फ वीतभर असेल तरच तिथं देवदाराची फांदी रोवायची. तोफा फांद्यांमधून जातात. साहेबांनी मला वीस फांद्या दिल्या होत्या. मी नऊ भोकं पाडली. बोटं बधिर झाली होती, वारा सुटला होता. पुढच्या अकरा फांद्या मी नुसत्या नजरेनं रोवल्या. बर्फ सगळीकडे सारखाच पांढरा दिसत होता. चौदाव्या फांदीपाशी खालून झरा होता, तिथं बर्फ पातळ होता.

साहेबांनी विचारलं, मी ‘मोजलं’ म्हणालो. वाट पक्की असल्याच्या कागदावर त्यांनी सही केली.

तोफा बुडाल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायांवर पडून खरं सांगितलं. तेव्हा अशा गुन्ह्याला काठ्या मारणाऱ्या शिपायांच्या दोन रांगांमधून पळवायचे, माणूस पलीकडे जिवंत पोचत नसे. ते म्हणाले, “निक्या, ऊठ. कागदावर सही कोणाची आहे?”

“आपली, साहेब.”

“मग चूकही माझीच. पुन्हा बोललास तर तुला अक्षरं शिकवायचं बंद.”

बंद केलं नाहीच. त्याच हिवाळ्यात जुन्या नकाशांच्या पाठीवर मला लिहायला शिकवलं. त्याच अक्षरांत हे लिहितोय.

शेजारची अग्राफेना म्हणते, “एक पाय थडग्यात, नि आता शूर झालास होय रे म्हाताऱ्या?” खरंच आहे तिचं. साहेब जिवंत असताना जमलं नाही. वचन दिलं होतं, असं स्वतःला सांगत राहिलो. वचनापेक्षा भीती मोठी होती.

आता ठरलंय. काल पाद्रीबाबांसमोर सगळं लिहून अंगठा उठवला, सहीवर माझा विश्वास नाही. तो कागद सोबत आहे. त्या प्रकरणाखाली तो छापा. विद्यालयालाही एक प्रत मी स्वतः धाडली, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. मला क्षमा करू नका, मी मागत नाही. फक्त त्यांच्या थडग्याशी एकदा जा. वाट मोकळी केली आहे, या वेळी काठी टेकवून पावलापावलाला तपासली.

अकरा भोकं न पाडलेला,
निकिफोर