कठड्यापलीकडचा फोन

४ ऑक्टोबर
शारजात येऊन आठवडा झाला. अल मजाजच्या खोलीतून खाडीचं पाणी दिसतं. वसईला आईला व्हिडिओवर दाखवलं, तर म्हणे, फिलोमिना, तू मजेत आहेस. आहेच! ऑफिस हमरिया फ्री झोनला. पहाटपाळीच्या व्हॅनमध्ये आम्ही दोघंच, मी आणि स्टोअरमधला सॅव्हियो, तोही वसईचा. ड्रायव्हर शाहबाजभाई पेशावरचे. वाटेत मी ही डायरी लिहिते. सॅव्हियो रोज विचारतो, माझ्याबद्दल काय लिहिलंस?

१३ ऑक्टोबर
आज धुकं. शाहबाजभाई म्हणाले, असं धुकं डिसेंबर-जानेवारीत पडतं, यंदा फार लवकर आलं. समुद्राकडून भिंतीसारखं सरकत आलं. आत शिरल्यावर बॉनेटसुद्धा दिसेना. वीसच्या स्पीडनं पोचलो.

१४ ऑक्टोबर, सकाळी ६.२०
व्हॅन थांबली आहे. पुढे एक कार ट्रकखाली घुसली आहे. शाहबाजभाईंनी व्हॅन कडेला घेतली. सॅव्हियो मागे धोक्याचा लाल त्रिकोण ठेवायला उतरला. पाच पावलांत दिसेनासा झाला.

६.३१
मागे ब्रेक किंचाळले, मग पत्रा चेपल्याचा आवाज. सॅव्हियो अजून नाही.

६.३५
आला. काच ठोठावतोय. शाहबाजभाई दार उघडणार, तेवढ्यात माझा फोन वाजला. सॅव्हियोचाच. म्हणाला, मी रस्त्याच्या कठड्यापलीकडे वाळूत सुखरूप आहे, गाड्या आदळतायत, तुम्ही दोघं उतरून इकडे या.
स्पीकर लावला. शाहबाजभाईंनी दाराच्या बटणावरचा हात काढून घेतला.

६.३८
बाहेरचा ठोठावतोच आहे. तोच निळा शर्ट, तोच चष्मा. काचेला तोंड लावून म्हणतो, आत घ्या. पण काचेवर श्वासाची वाफ धरत नाही.

६.४०
पुन्हा आदळलं. जवळ. शाहबाजभाई कलमा पुटपुटतायत. त्यांच्याकडचं दार भर रस्त्यावर उघडतं. कठड्याकडे एकच दार, आणि तिथे तो —

६.४२
फोनवर सॅव्हियोचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाला, "फिलू, तू तर इथे माझ्या शेजारी येऊन उभी आहेस. मग फोनवर कोण आहे?"

मी व्हॅनमध्ये आहे. पेन माझ्या हातात आहे. मी —
शाहबाजभाई वळून माझ्याकडे बघतायत. माझ्या तोंडाकडे. मग माझ्याजवळच्या काचेकडे. तिच्यावरही वाफ नाही.
त्यांनी त्यांच्याकडचं दार उघडलं — रस्त्याकडचं — मी ओरडले, उतरू नका, मागून हॉर्न —