हिवरगव्हाणचा खांदा

मी, चांगुणा वाळू खातळे, वय सत्तरच्या आसपास, धंदा शेती, राहणार धरणवस्ती, मौजे हिवरगव्हाण, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक, शुद्धीत बसून हे मृत्युपत्र सांगते. डॉक्टरने पोटातल्या गाठीचे सांगितले आहे, डोक्याचे काही नाही. कोणी दमदाटी केलेली नाही, करून बघावी. वस्तीच्या शाळेतल्या अंजलीबाई लिहीत आहेत. त्यांना बजावले आहे, माझे वाकडे बोलणे सरळ करायचे नाही.

पहिले. राहते घर, गाय आणि पोस्टातली शिल्लक माझा एकुलता मुलगा गोरक्ष याला.

दुसरे. तांब्याचा मोठा हंडा सून भाग्यश्री हिला. गावातल्या प्रत्येक लग्नात हा हंडा पाणी तापवायला जातो, आणि मला शेवटच्या पंगतीला बसवतात. भाग्यश्री, माझ्यामागे कोणी मागायला आले तर साफ नाही म्हण. बरं, जाऊ दे, देऊन टाक. भांड्याचा काय दोष!

तिसरे. शेवंती. आमचे कुरुंगदरा गाव धरणात गेले तेव्हा सरकारने ट्रकने आम्हाला इथे आणून सोडले. मी शेवंतीच्या काश्या, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन आले. पहिल्या साली आम्ही येड्यांनी सवयीने इथे भात लावला. घाटमाथ्याचा पाऊस सिन्नरला कुठून येणार? सगळे गाव बांधावर उभे राहून हसले. भात जळाला, पण शेवंती लागली. एकेकीने येऊन काश्या मागितल्या, मी दिल्या. आता ती दारोदारी आहे आणि नाशिकच्या फूलबाजारात तिला हिवरगव्हाणची शेवंती म्हणतात. कुरुंगदऱ्याचे नाव कोणी काढत नाही. आम्ही ज्या तेलबीला खुरासणी म्हणायचो, तिला हे लोक कारळे म्हणायचे आणि आमच्या तोंडाची नक्कल करायचे. आता त्यांचीच नातवंडे दुकानात खुरासणी मागतात. आम्ही मात्र अजून धरणवाले. गोरक्ष तर इथेच जन्मला, तोही धरणवाला. फूल घेतले, शब्द घेतला, माणसे तेवढी नको झाली. मला याचा फार राग आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर नेणार आहे. काश्या तरी कोणाला लिहून देऊ? सगळ्यांकडे आहेतच.

चौथे. शेवंतीचे रान. हे कोणाला द्यायचे ते सांगण्याआधी कारण सांगते. माझे मालक वाळू वारले तेव्हा आम्ही त्यांना गावच्या स्मशानात, पत्र्याच्या शेडकडे नेले. पाऊस धो धो होता. गावची कर्ती माणसे फाटकात आडवी उभी राहिली. म्हणाली, "तुमचं तुम्ही नाल्याकाठी उरका. ही गावाची जागा हाय." खांद्यावरची तिरडी तशीच वळवावी लागली. ओली लाकडे पेटेनात, म्हणून गोरक्षने सायकलचे टायर आणून घातले. टायरच्या धुरात गेला माझा माणूस. अजून नाकातून तो वास जात नाही. आता तर नाल्याचा काठही एका कारखान्याच्या कंपाउंडात गेला. सबब लिहून ठेवते की, हिवरगव्हाणचा जो मूळ गावकरी माझ्या तिरडीला खांदा देईल आणि मला त्या शेडखाली नेईल, त्याला हे रान द्यावे. गोरक्षने हरकत घेऊ नये.

वरचे चौथे कलम रद्द समजावे. ते लिहून झाले तेव्हा मी अंजलीबाईंना सुमनबाईपुढे वाचून दाखवायला लावले. सुमनबाई शिंदे मूळ गावची, आमचा बांधाला बांध, आणि गावात मला तिच्याशिवाय कोणी नाही. ती म्हणाली, "चांगुणे, रानासाठी हाणामाऱ्या व्हतील. चार नाय, चाळीस येतील. तुला तसला खांदा पायजे का?"

मी विचारले, "आणि रान नसलं तर? तुझे लेक येतील?"

तिने पदर तोंडाला लावला. "घरात इचारून बघते," म्हणाली.

त्याला आठवडा झाला, तोवर हे लिहिणे थांबवले होते. आज ती साक्षीला आली आहे, समोर बसली आहे, त्या गोष्टीचे काही बोलली नाही. मीही विचारले नाही. बिचारीच्या हातात सहीच तेवढी आहे.

तर रानही गोरक्षला. धरणाच्या बदल्यात मिळालेली जमीन, तरी सरकारची परवानगी काढून तू ती प्लॉटवाल्याला विकणार, हे मला ठाऊक आहे. विक बाबा. थांब म्हणायला मला तोंड नाही, तुला तरी इथे कोणी काय दिले?

पाचवे आणि शेवटचे. मला गावातून मिरवत नेऊ नये. फाटकापर्यंत तर मुळीच नेऊ नये. एकदा वळवलेली तिरडी मी पाहिली आहे, दुसरी गोरक्षने पाहू नये. पोरा, सिन्नरहून जीप सांग, पुढे बस, आणि मला सरळ नाशिकच्या अमरधामला ने. तिथे कोणालाही जाळतात.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, बरोबर आहे, आणि अंगठा माझ्या मर्जीने उठवला आहे.

निशाणी अंगठा डाव्या हाताचा: चांगुणा वाळू खातळे

साक्षीदार:
सुमनबाई रंगनाथ शिंदे, राहणार हिवरगव्हाण (सही)
झुंबर किसन घारे, राहणार धरणवस्ती (सही)

लिहिणार: अंजली मधुकर साबळे, शिक्षिका (सही)

ठिकाण: धरणवस्ती, हिवरगव्हाण
तारीख: १९ नोव्हेंबर २००४