औट म्हणजे साडेतीन

आई, इथं मला सगळे ‘आऊट’ म्हणतात. ‘ए आऊट, जरा धर इकडनं,’ ‘आऊट, चहावाला आला का बघ.’ तू ऐकलं असतंस तर चिडली असतीस, म्हणाली असतीस, पोराला ठेवलेलं नाव काय कमी पडलं का यांना. पण हे नाव तुझ्यामुळेच पडलंय. ते कसं, तेच सांगायला बसलोय.

चाकणला आहे मी, पुण्याच्या पलीकडे. लोखंडी चौकटी, जिने, पत्र्याच्या टाक्या बनवणारं शॉप आहे, तिथं हेल्पर. याच्या आधी सुरतला होतो, त्याच्या आधी हैदराबादला. कुठंच टिकलो नाही. जिथं कुणी म्हणालं की तुझा हात बरा आहे, आता पेपर दे आणि वर चढ, तिथून मी बोरिया-बिस्तर उचलला. आता इथंही तीच वेळ आलीय. गुरुवारी परीक्षा आहे, हेल्परचा फिटर व्हायची. अर्धी हातकामाची, अर्धी कागदावरची. आज सुट्टी, खोलीतले दोघं बाजारात गेलेत. बॅग पलंगाखाली आहे. ती भरायची की नाही एवढंच ठरवायचंय, आणि मी तुला लिहीत बसलोय. तुला चिठ्ठी धाडायचा सवालच नाही, म्हणून आरामात लिहितोय.

तुझं स्वयंपाकघर मला वासानं नाही, आवाजानं आठवतं. बनारसला आपल्या दूधविनायकाच्या गल्लीत ऊन यायचं तेच दुपारी, फडताळातल्या भांड्यांपुरतं. बाबांचे यजमान नाशिकहून, साताऱ्याहून यायचे. तिकडे घाटावर बाबांचं संकल्प-पिंड चालायचं आणि इकडे तू पंगतीचं बघायचीस. पंगत कितीची ते बाबा ऐनवेळी सांगणार, तेही गल्लीतूनच ओरडून, ‘अगं, आणखी चार मूर्ती वाढल्या.’ तू डाळ मोजायला घ्यायचीस आणि तोंडानं सुरू व्हायचीस: एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. औट म्हणजे साडेतीन. डाळीच्या एका वाटीला पाणी औट वाट्या. मला किती तरी दिवस वाटायचं की हा वरणाचाच काही मंत्र आहे, बाबांचे घाटावरचे असतात तसा तुझा हा. वरण दर वेळी जमायचंच असं नाही. मीठ तर तू पुष्कळदा विसरायचीस, मग बाबा पंगतीत स्वतः मीठ फिरवायचे आणि यजमानांना ठासून सांगायचे, ‘क्षेत्राचं अन्न आहे, इथं अळणीच करतात.’

दर दिवाळीला तू मला मोजायचीस. माझ्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत सुतळी कापायची, तो माझा एक हात, आणि तीच सुतळी भिंतीशी धरून मला टाचेपासून डोक्यापर्यंत मोजायचं. औट भरायचे. एका वर्षी मी चांगला ताडमाड वाढलो होतो, म्हटलं आता तरी चार भरतील. पुन्हा औट. मी रुसलो तर तू हसलीस. ‘मेल्या, हातही वाढला ना तुझा. माणूस आपल्या हातानं औटच. तू, मी, तुझे बाबा, रामनगरचे महाराजसुद्धा.’

दहावी रडतपडत काढली आणि बाबांनी आयटीआयला फिटरमध्ये घातलं, तेव्हा तू चौकातून स्टीलची फूटपट्टी आणलीस. अजून आहे माझ्याकडे, कड थोडी वाकलीय. तू ती उलटीसुलटी केलीस, डोळ्यांजवळ धरलीस आणि म्हणालीस, ‘यात औट कुठाय, दाखव.’ मी शोधलं. एक, दोन, तीन, चार, सगळे लिहिलेले, औट कुठंच नाही. शेवटी तीन आणि चारच्या मधल्या रेघेवर बोट ठेवलं. ‘मग आहे की,’ तू म्हणालीस, ‘लिहीत नाहीत एवढंच.’

तिथं माझा हात चांगला चालायचा. रेती मारायला मला आवडायचं, इथं तिला कानस म्हणतात. पण हिशोबाच्या तासाला माझं डोकं बंद पडायचं. एकदा सरांनी बोर्डावर लिहिलं, तीन, मग एक टिंब, मग पाच, गुणिले चार. मला उभं केलं. ‘बोलो गुरु, तीन दशमलव पाँच इंच के चार टुकड़े, कितना लोहा लगेगा?’ मी त्या टिंबाकडे बघत राहिलो. बोर्डावर माशी बसलीय आणि ती उडेल, मग जमेल, असं काहीतरी डोक्यात. दुकानात साडेतीन रुपये मला कळत नव्हते असं नाही. पण टिंब दिसलं की ते दुसऱ्याच कुणाचं होऊन जायचं. मागच्या बाकावरचे हसले. सर हसले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो. माझा घासलेला चौकोनी ठोकळा हातात घेऊन म्हणाले, ‘हाथ तो बढ़िया है तुम्हारा. हिसाब के बिना ये हाथ जाएगा कहाँ?’

घरी आलो तर तू विचारलंस, ‘काय शिकवतात रे तिथं?’ मी म्हटलं, ‘दशमलव.’ ‘ते काय असतं?’ ‘तुला नाही कळायचं, आई.’ ‘बरं,’ म्हणालीस आणि पोळी उलटलीस. नंतर जेव्हा मी सांगितलं की हे माझ्या डोक्यात शिरत नाही, मी जाणार नाही उद्यापासून, तेव्हा मात्र भडकलीस. ‘शिरायला तो काय उंदीर आहे? आधी तोंडात घे, घोक. डोक्यात आपोआप उतरेल.’ घोकायचं काय, ते तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

त्याच थंडीत तू गेलीस. टिकठी, इथं तिला तिरडी म्हणतात, ती बांधणारा बांबू घेऊन आला, मी दारात उभा होतो म्हणून मलाच विचारलं, ‘कितना लंबा रखें, भइया?’ माझ्या तोंडात औट आलं. पण औट तुझ्या हातानं, आणि तुझा हात चादरीच्या आत. मामानं फुटात सांगितलं आणि जास्तच सांगितलं. तुझ्या पायांकडे बांबू कितीतरी उरला. शिंदे घाटावरच्या गल्लीत वळताना तो दर वेळी भिंतीला लागत होता, आणि दर वेळी मामा पुढच्यांना म्हणत होता, ‘सँभल के, सँभल के.’ तो घासल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तेरावं झालं आणि मी गाडीत बसलो.

आता इथलं सांगतो. आमचा फिटर सांगलीकडचा, पांढऱ्या मिशांचा, तोंडानं फटकळ. काही दिवसांपूर्वी एका चौकटीला वेल्डिंगचे कच्चे टाके मारून झाले होते आणि मी पलीकडच्या टोकाला टेप धरून दोन पट्ट्यांमधलं अंतर बघत होतो. त्यानं ओरडून विचारलं, ‘किती रं?’ गडबडीत माझ्या तोंडून निघालं, ‘औट.’ त्याला वाटलं आऊट, म्हणजे चौकट तिरकी गेली. च्यायला म्हणाला आणि हातोडा घेऊन सगळे टाके तोडून टाकले. मग स्वतः मापलं.

‘भैया, बरोबर तर होतं. आऊट कुठं होतं?’

‘मी औट म्हटलं. साडेतीन.’

‘साडेतीनला औट कोण म्हणतं?’

‘आम्ही म्हणतो.’

‘आम्ही म्हंजे कोण, बिहारी?’

‘मराठी.’

सगळं शॉप हसलं, आई. बनारसचा भैया सांगलीच्या माणसाला मराठी शिकवतोय म्हणून. तेव्हापासून मी आऊट.

जेवणाच्या सुट्टीत मात्र तो डबा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. ‘माझा आजा म्हणायचा बहुतेक,’ म्हणाला, ‘मला वाटलं त्याच्याबरोबर गेलं ते.’ मग म्हणाला, परीक्षेला बस. मी म्हटलं, कागदावर टिंबं असतात, मला येत नाहीत. त्यानं खडू काढला आणि समोरच्या पत्र्यावर लिहिलं, ३.५. ‘हे बघ तुझं औट. पेपरात असं लिवत्यात. आता याचे चार तुकडे. किती?’

चार औट चौदा. तुझ्या आवाजात आलं. डाळ, पाणी, बाबांच्या चार मूर्ती. हाच प्रश्न होता, आई, अगदी हाच. सरांना औट माहीत नव्हतं, तुला टिंब माहीत नव्हतं. दोन्ही फक्त मला दिसत होती, रोज सकाळी मी एकाकडून दुसऱ्याकडे चालत जायचो, आणि मला ती जोडता आली नाहीत. त्या दिवशी पोळी उलटताना मी तुला ‘नाही कळायचं’ न म्हणता नुसता प्रश्न वाचून दाखवला असता, तर तू वर न बघताच चौदा म्हणाली असतीस. फिटर म्हणाला, ‘काय झालं रं, डोळ्यात गेलं का काय?’ मी म्हटलं, खडू.

सगळं आलंय असं समजू नकोस. कोनांचं, त्रिकोणाचं अजून अंधारच आहे. पण रोज जेवताना तो एक गणित खडूनं लिहितो आणि मी ते आधी तोंडात घेतो, तू सांगितलं होतंस तसं. पेपरात मोठ्यानं म्हणता येणार नाही, तर ओठ हलवीन. बॅग आज काढत नाही. गुरुवारी तुझी पट्टी घेऊन जाईन.

फक्त एक गोष्ट आहे. पास झालो तर मला नावानं हाक मारतील, फिटरला कुणी आऊट म्हणत नाही इथं. आणि शॉपमध्ये ग्राइंडरचा आवाज एवढा असतो की आऊटमधले आ आणि ऊ लांबून वेगळे ऐकूच येत नाहीत. पलीकडच्या टोकाहून कुणी हाक मारली की औटच ऐकू येतं. तू गेल्यावर तो शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकला नव्हता. म्हणून मी त्यांना थांबवत नाही, आई. कधी कधी ऐकू आलं तरी ओ देत नाही, पुन्हा हाक मारावी म्हणून.