उतारावरचा बार

प्रिय दाजी, रामराम.

काल तुमचा तेरावा झाला. उद्या सकाळी चावडीत मी तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती ऐकून तुमची भावकी माझ्या अंगावर येईल. तुमच्या पाठीमागे बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून आधी तुम्हालाच लिहितो.

तुम्ही चालवायचात ती माझी उतारूंची मोटार बैल जुंपून पत्र्याखाली ओढत आणली, तेव्हा पुढच्या सीटवरचं रक्त चामड्यात मुरलं होतं. काच फोडून गोळी तुमच्या गळ्यात शिरली होती. मी काथ्या घेऊन सीट घासत होतो आणि तुम्हाला शिव्या देत होतो. कशापायी मेलात, दाजी? आक्काला, माझ्याच बहिणीला, मी काय तोंड दाखवायचं?

गोळी घातली ती रावजीनं, नेकनूरच्या अलीकडं उतारावर देशमुखाचं कापसाचं गोदाम आहे, तिथल्या पहारेकऱ्यानं. पोलिसांच्या अमीनसाहेबांपुढं त्याचं एकच पालुपद, "मोटारीतून आधी बार आला, मग मी उडवला." तुमच्याकडं कुठली बंदूक? कनवटीला तंबाखूची चंची, एवढंच तुमचं हत्यार. मोटारीत उतारूही नव्हते, मग साक्ष कोण देणार? भावकी म्हणाली, बांधाच्या भांडणापायी देशमुखानंच मारवलं. मलाही ते पटलं. हातात मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल होतं, तेच मी कचेरीत रावजीच्या तोंडावर हाणलं. समोरचे दात पडले. शिपायांनी मला मागं ओढलं तरी तो रक्त थुंकत तेच म्हणत राहिला, "आधी बार झाला. देवाशपथ आधी बार झाला."

खोटं बोलणारा मार खाल्ला की गोष्ट थोडी तरी बदलतो. हा बदलेना. माझ्या कानांना ते खटकलं.

घरी येऊन इंजिन उघडलं. वाटलं, मिसिंग असेल. एखाद्या नळकांड्यात ठिणगी पडली नाही की पेट्रोल न जळता पुढं जातं आणि तापलेल्या सायलेन्सरात भडकतं. चारी प्लग काढले, इंजिनाच्या अंगाला टेकवले, हँडल फिरवलं. चारींवर निळी, जाड ठिणगी. ठिणगी पुरवणारं मॅग्नेट स्वच्छ, तार कुठं घासलेली नाही. मग इंजिन चालू करून लाकडी मुठीच्या पेचकसानं एकेका प्लगची ठिणगी तोडत गेलो आणि कान देऊन ऐकत राहिलो. दर वेळी इंजिन सारखंच लंगडलं. म्हणजे चारी नळकांडी नीट कामाला होती. आपसूक बार होण्यासारखं त्या मोटारीत काहीच नव्हतं.

खाली शिरलो. सायलेन्सर आतून फाटला होता, पत्रा बाहेर उलटलेला. पाठीवर पडल्या पडल्या मला तुमचं हसू ऐकू आलं, दाजी.

उतार लागला की गिअर तसाच ठेवून स्विच बंद करायचा, मोटार थोडी घरंगळू द्यायची, आणि पुन्हा चालू, की साचलेलं पेट्रोल सायलेन्सरात भडकून बंदुकीसारखा बार. तो खेळ मला माहीत नव्हता का? तलवाड्याच्या बाजारात म्हशी उधळल्या, तेव्हाचं आपलं बोलणं आठवतं?

"दाजी, मोटार फुटंल."

"फुटू दे की, शेठ. कोन आलंय ते लोकास्नी कळाया पायजे."

"एखाद्याचं काळीज फुटंल."

"मग त्याला हिच्यातच घालून दवाखान्यात नेऊ. अर्ध्या तिकिटात."

हसलो होतो मीही. पण त्या गोदामासमोर? आदल्याच आठवड्यात दरोडेखोरांनी तिथं रावजीच्या भावाला भाल्यानं दाराला खिळलं होतं. प्रेत उतरवायला तुम्हीच खांदा दिलात. रावजी तेव्हापासून भरली बंदूक मांडीवर घेऊन बसतो, हे तुम्ही पाहिलं होतं. तरी तुमचा हात स्विचकडं गेलाच कसा?

आता तुमच्या सखारामाचं ऐका. देशमुखानं रावजीला जामिनावर सोडवलंय, तो गोदामातच राहतो. काल पंगती उठल्या आणि तुमचा पोरगा दगडावर कुऱ्हाड घासायला बसला. भावकी गोदाम पेटवायला रॉकेल गोळा करत होती. आक्का म्हणाली, "किसन, तू आडवा यायचं न्हाई." मी सख्याला सगळं सांगितलं, सायलेन्सर दाखवला. तो म्हणाला, "मामा, देशमुखाचं मीठ कवापासून खाया लागलात?"

आज सकाळी मी म्हणालो, "चल, मीच सोडतो तुला गोदामापर्यंत." तो कुऱ्हाड मांडीवर घेऊन शेजारी बसला. तोच उतार. गोदाम अजून वळणापलीकडं होतं. मी स्विच बंद केला. मोटार मुकी झाली. सख्या समोर बघत होता. मी स्विच चालू केला.

बार झाला तसा त्याचा हात उठला. कुऱ्हाड माझा दंड चिरून सीटच्या पाठीत रुतली. मोटार बाभळीत घुसली. सदरा रक्तानं भिजत होता आणि सख्या आपल्या हाताकडं बघत होता.

"मामा, म्या न्हाई मारलं तुमाला. हात आपसूक..."

"ठावं हाय."

"म्या न्हाई मारलं."

"रावजीबी हेच म्हनतोय, बाळा."

तो उतरून माझ्या बाजूला आला. मग माझ्या दंडाला आपला फेटा आवळताना म्हणाला, "पन बा तर मेलाच की." याचं उत्तर तुमच्याकडं आहे का, दाजी?

जाणार नाही, असं काही त्यानं कबूल केलं नाही. एवढंच म्हणाला, "चावडीत समद्यांम्होरं सांगा. मंग बगू." आक्कानं जखमेत हळद भरली.

तेव्हा उद्या मी सांगणार. लोक म्हणतील, पोरखेळ करताना मेले. म्हणू देत. रावजीनं तुम्हाला मारलं, हे मी विसरलेलो नाही. त्याचा न्याय कचेरीत होऊ दे. पण तुमचा पोरगा फासावर जायचा नाही. माझं सांगून झाल्यावरही भावकी उठलीच, तर गोदामाच्या दारात रावजीच्या पुढं मी उभा असेन. ज्याचे दात मी पाडले, त्याच्या पुढं. सख्याला पहिला घाव माझ्यावर घालावा लागेल, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून. हा माझा शब्द.

तुमचा मेव्हणा,
किसन